भिंतीवर अ‍ॅनिमे पात्र रंगवायचंय? मग आधी रेषा कमी करा

तोक्योत ताकादानोबाबा स्टेशनाजवळ, रेल्वेपुलाखालच्या भिंतीवर अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचे, चित्रकार ओसामु तेझुका यांची पात्रं रंगवली आहेत. त्यांचा अ‍ॅस्ट्रो बॉय नुसत्या सावलीवरूनही ओळखू येतो: केसांची दोन टोकं आणि मोठे डोळे. १९६३मध्ये तो टीव्हीवर आला, तेव्हा दर आठवड्याला नवा भाग हातानं काढावा लागे. म्हणून रेषा मोजक्या, रंग सपाट. हीच काटकसर भिंतीवर आपल्या कामी येते.

घरमालकाची किंवा सोसायटीची परवानगी लेखी घ्या. सार्वजनिक भिंतीला विनापरवाना हात लावू नका, महाराष्ट्रात त्यासाठी १९९५चा कायदा आहे. पात्रही शक्यतो स्वतःचं घडवा. शैली घ्या, चेहरा उचलू नका.

आधी कागदावर पात्राची आकृती पूर्ण काळी भरून पाहा. ओळखू आली नाही तर केस किंवा हात बदला. मग प्रत्येक रंगाच्या दोनच छटा ठरवा, उजेडाची आणि सावलीची.

काम पावसाळ्यानंतर, भिंत नीट वाळल्यावर काढा. पोपडे खरवडा. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर चुनाही खरवडून काढा आणि मगच प्राइमर मारा, नाहीतर सगळं चित्र पापुद्र्यासारखं सुटून येईल.

चित्र मोठं करायला चौकटी आखण्यापेक्षा मला ही युक्ती जास्त आवडते. भिंतभर खडूनं वाटेल त्या खुणा करा: क, फुली, बाण, मासा. समोरून फोटो काढा आणि मोबाइलमध्ये त्यावर तुमचं चित्र अर्धपारदर्शक करून ठेवा. आता डावा डोळा 'क'च्या पोटातून निघून बाणाच्या टोकाशी संपतो, हे स्पष्ट दिसतं. तेवढंच भिंतीवर उतरवायचं.

मोठे भाग बाहेरच्या भिंतीच्या इमल्शननं रोलरवर भरा, स्वस्त पडतं. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा. साधा कापडी मास्क चालत नाही, रंगाची वाफ अडवणारा फिल्टरवाला घ्या. काळी रेघ सपाट रंग वाळल्यावरच ओढा. बारीक नोझल लावा, डबा भिंतीजवळ धरा आणि हात आधी हलवून मग बटण दाबा. हात थांबला की ओघळ आलाच.

डोळ्यांतले पांढरे ठिपके अगदी शेवटी द्या, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. त्याआधी रस्त्यापलीकडे जाऊन पात्र कुठे बघतंय ते पाहून या.