लेटरप्रेस स्टेशनरीचं पहिलं कलेक्शन काढताय? या चुका टाळा

लेटरप्रेस म्हणजे उठावाच्या ठशाला शाई लावून तो कागदावर दाबून छापणं. त्यासाठी ट्रेडल मशीन (छोटं छपाईयंत्र) मिळालं, खोली मिळाली, डिझाइनं तयार आहेत आणि दसऱ्याला कलेक्शन बाजारात आणायचं ठरलंय. इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. घोडं अडतं ते दुसऱ्या ऑर्डरला. पहिली शंभर कार्डं सुरेख उतरतात, दुकानदार आणखी शंभर मागतो, आणि ती पहिल्यासारखी होत नाहीत. शाईची छटा वेगळी, कागद जरा पिवळसर, पाकीट दुसऱ्याच मापाचं. हाताचं काम आहे, थोडा फरक असायचाच, हे गिऱ्हाईक एकदा ऐकून घेईल. शेल्फवर दोन्ही लॉट शेजारी ठेवणारा दुकानदार घेणार नाही. म्हणून पहिल्या कलेक्शनमध्ये तेच घ्यावं, जे सहा महिन्यांनी पुन्हा हुबेहूब छापता येईल. पुढच्या बहुतेक चुका याच गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

एकदम तीस डिझाइनं

प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट (उठावाचा ठसा), वेगळा फर्मा आवळणं (ती प्लेट चौकटीत घट्ट बसवणं), वेगळं मेकरेडी (दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून केलेली जुळवाजुळव) आणि शेवटी मशीन धुणं. दहा डिझाइनं दोन रंगांत म्हणजे वीस फर्मे. नवशिक्या हाताला एका फर्म्याच्या तयारीत तास-दीड तास सहज जातो, छपाई त्यानंतर. सात-आठ वस्तू पुरेत: तीन-चार घडीची कार्डं, एक पत्रलेखन संच, भेटवस्तूचे टॅग, एक नोटपॅड आणि आहेराची पाकिटं. सगळ्यांना मिळून कागद दोन आणि शाया तीन.

आहेराचं पाकीट मात्र वगळू नका. इथे कोल्हापुरात त्याला तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्यापर्यंत मागणी असते आणि वास्तुशांत, बारसं, मुंज वर्षभर चालूच. चूक होते ती मापात. पाचशेची नोट १५० × ६६ मिमी असते. ती न दुमडता सरकायची तर पाकीट आतून किमान १६५ × ७५ मिमी हवं. रुपयाचं नाणं पाकीट तयार झाल्यावर चिकटवायचं आणि त्याची जागा डिझाइनमध्ये आधीच मोकळी सोडायची.

कार्ड आधी, पाकीट नंतर

क्रम उलटा हवा. जे पाकीट वर्षभर एकाच कागदात आणि मापात मिळेल ते आधी ठरवा, मग कार्ड कापा. ए६ कार्ड १०५ × १४८ मिमी, त्याला सी६ पाकीट ११४ × १६२ मिमी. हे जोडपं सोपं पडतं. ५ × ७ इंची कार्डाला सव्वापाच × सव्वासात इंची पाकीट लागतं आणि ते बहुधा बनवूनच घ्यावं लागतं.

तयार पाकिटावर छापायला गेलात तर मागच्या चिकटलेल्या कडा ठशाखाली येतात. तिथे कागद तिप्पट जाड होतो, अक्षर त्या रेघेवर खोल आणि शेजारी फिकं उतरतं. नुसतं पॅकिंग (कागदामागे दाबासाठी घातलेले थर) कमी-जास्त करून ते सुधारत नाही. एक तर कागद सपाट असताना छापून मग पाकीट घडवा, नाही तर फक्त उघडलेल्या झाकणावर छापा.

वजनही आत्ताच पाहा, कारण साध्या पत्राचा टपाल दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) ए५ मापाचं, घडी घालून ए६ झालेलं कार्ड सव्वानऊ ग्रॅम भरतं. पाकिटाचे पाचेक ग्रॅम धरले तरी पहिल्या टप्प्यात बसतं. तेच ६०० जीएसएममध्ये केलं की साडेअठरा ग्रॅम नुसतं कार्डच, म्हणजे पाकिटासह दुसरा टप्पा.

हातकागदाचे लाड

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, जयपूरजवळच्या सांगानेरहूनही भरपूर माल येतो. नमुना पाहून मोठी खरेदी करू नका. आधी दहा ताव आणा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, जाडी. एकाच गठ्ठ्यातले ताव सारखे नसतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) सहज मिळतो. प्रत्येक ताव चार कोपऱ्यांवर मोजून ०.०५ मिमीच्या फरकाने वेगळे ढीग लावा आणि एका ढिगाला एकच पॅकिंग ठेवा. हे न केल्यास मधूनमधून कार्ड फिकं निघतं आणि दोष शाईला दिला जातो.

दुसरी, कडा. हातकागदाची झालरीसारखी कड सुंदर दिसते, पण मशीनवर कागद ज्या दोन कडांनी त्याची जागा ठरवणाऱ्या पिनांना टेकतो त्या सरळ हव्यात. झालर ठेवायची तर उरलेल्या दोन बाजूंना. सगळीकडे झालर आणि वर दोन रंग असं केलंत तर रंग एकमेकांवर बसणारच नाहीत.

तिसरी, लेखन. ही स्टेशनरी आहे, तिच्यावर कुणीतरी लिहिणार आहे. फाउंटन पेन, जेल पेन आणि बॉलपेननं एकेक ओळ लिहून पाहा. शाई फुटून अक्षराला मुळं फुटल्यासारखी दिसली तर तो कागद पत्रासाठी बाद, टॅगसाठी चालेल. पत्राचा कागद १०० ते १२० जीएसएमचा घ्या आणि ठसा हलका ठेवा. खोल ठसा मागच्या बाजूला उठतो आणि तिथे पेन अडखळतं.

२२ × ३० इंची तावातून कडा काढून २५ बिनघडीची ए६ कार्डं निघतात, ५ × ७ इंचाची १६. मोजताना खराबी धरा: पहिल्या रंगाला शेकडा दहा, पुढच्या प्रत्येक रंगाला पाच, क्रीझिंग-कटिंगला (घडीची रेघ पाडणं आणि कापणं) पाच. शंभर दुरंगी कार्डं हवीत तर १२० कापा.

जुलै-ऑगस्टमध्ये छपाई

दसरा-दिवाळीचा माल ऐन पावसात छापायचा, हे कोल्हापुरातलं सगळ्यात महागडं वेळापत्रक. दमट हवेत कागद ओलावा पितो आणि फुगतो. सोमवारी छापलेल्या पहिल्या रंगावर गुरुवारी दुसरा रंग टाकला की अर्धा मिलिमीटर सरकलेला दिसतो. माणूस पिना हलवत बसतो, पण हललेला असतो कागद. तेलाची शाई उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत हाताला लागेनाशी होते, पावसाळ्यात तिला तीन-चार दिवसही लागतात; तेवढ्यात कार्डं पाकिटात भरली की पाकिटाच्या आत आरशासारखं उलटं छापलेलं निघतं.

त्यामुळे दुरंगी कामं एप्रिल-मेमध्ये उरका आणि पावसाळ्यासाठी एकरंगी कामं ठेवा. जमत नसेल तर दोन्ही रंग एकाच दिवशी, पहिल्या रंगाला शाईचा थर अगदी पातळ ठेवून. कागद छपाईच्या आधी दोन दिवस त्याच खोलीत मोकळा ठेवा, काम थांबलं की प्लास्टिकमध्ये गुंडाळा. छापलेली कार्डं पंचवीस-तीसच्या वर रचू नका आणि मध्ये पातळ कागद घाला. पॉलिमर (प्लास्टिकसारखी) प्लेटही पाणी ओढते. ओली झाली की मऊ पडते, फार सुकली की वाकते आणि तडकते. झिपच्या पिशवीत सपाट ठेवा, उन्हापासून लांब. ती पाण्यानं कधीही पुसू नका, शाई उतरवणाऱ्या सॉल्व्हंटनंच (रॉकेल वगैरे) पुसा. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, तेव्हा त्यानंतर कोरड्या कापडाचा हात हवाच. शाईच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जवसाच्या तेलाच्या शाईनं माखलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

वह्यांना खळ वापरत असाल तर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी रीत सोडू नका, नाही तर श्रावणात पुठ्ठ्यांवर बुरशी. मोरचूद विषारी आहे, डबा वेगळा ठेवा आणि हात धुवा. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात जागा असेल तर कागद तळमजल्यावर ठेवूच नका. २०१९ आणि २०२१ विसरण्याजोगे नाहीत.

रोमन अक्षरांचे नियम मराठीला

लेटरप्रेसबद्दलची बरीच माहिती इंग्रजी अक्षरं समोर ठेवून लिहिलेली असते. मराठीत प्रत्येक ओळीवर शिरोरेषा आहे. फर्मा आडवा लावला की ती लांब रेघ रोलरला समांतर येते, रोलर तिच्यावर आपटतो, आणि रेघेच्या वरच्या कडेला शाईची मिशी येते. फर्मा ९० अंशांत फिरवा, म्हणजे रोलर रेघेच्या लांबीवरून धावेल. मजकूर थोडाच असेल तर चेसच्या (फर्म्याच्या लोखंडी चौकटीच्या) दोन्ही कडांना अक्षराच्या उंचीच्या, म्हणजे ठशाइतक्याच उंच, पट्ट्या लावून रोलरला आधार द्या.

अनुस्वार हा दुसरा बळी. बारीक वळणाच्या फाँटमध्ये तो इतका लहान असतो की प्लेट धुताना निघून जातो, आणि ‘आनंद’चा ‘आनद’ होऊन शंभर कार्डं छापून होतात. टिंब किमान एक पॉइंट, रेघ किमान अर्धा पॉइंट ठेवा आणि मराठी मजकूर दहा पॉइंटाखाली नेऊ नका. त्याखाली क्ष, ज्ञ, श्री यांच्या पोटात शाई भरते. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (फाँटशिवाय उघडणाऱ्या आकारांत) बदलूनच द्या, नाही तर प्लेटवाल्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. प्लेट हातात आल्यावर भिंगानं एकेक काना, मात्रा, अनुस्वार मूळ मजकुराशी ताडून पाहा. मशीनवर चढवल्यावर नव्हे, त्याआधी.

जुने शिशाचे खिळे (सुट्या अक्षरांचे ठसे) मिळाले तर आनंदाची गोष्ट, पण त्यांच्यावर खोल ठशाची हौस भागवू नका. धातू मऊ असतो, शिरोरेषेचे सांधे आधी झिजतात आणि मग प्रत्येक अक्षरानंतर रेघ तुटलेली दिसते. खोल ठसा पॉलिमरनं घ्या. खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाची आहे. फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

जोर वाढवला की सगळं सुधारेल

छाप फिकी आली की नवा माणूस पॅकिंग वाढवतो. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. प्लेट, तिच्या मागची चिकटपट्टी आणि बेस (प्लेट बसवायचा ठोकळा) मिळून अक्षराची ठरलेली उंची, म्हणजे ०.९१८ इंच, भरतात का? रोलर बरोबर उंचीवर आहेत का? अक्षराच्या उंचीच्या ठोकळ्यावर रोलर फिरवला की सुमारे ३ मिमी रुंदीचा शाईचा पट्टा उमटला पाहिजे. पट्टा रुंद असेल तर रोलर खाली आहेत, कडा बरबटणारच; त्यांची चाकं ज्या रुळांवरून धावतात तिथे टेपचे थर चढवून ते वर घ्या. आणि रोलरच्या चाकांचा व्यास रोलरइतकाच आहे का? चाक झिजलं की रोलर फिरण्याऐवजी घसटतो. नवी चाकं उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर नमुन्यावरून होतील.

छाप एका कोपऱ्यात फिकी असेल तर सगळं पॅकिंग न वाढवता तेवढ्याच जागी टिंपनखाली (पॅकिंगवर ताणून बसवलेल्या कागदाखाली) पातळ कागदाचा तुकडा चिकटवा. अक्षराभोवती काळसर कड येत असेल तर शाई कमी करा. मशीनच्या शाईच्या ताटलीवर रोलर फिरताना बारीक सळसळ ऐकू यावी, चिकट चटचट नको. आणि ६०० जीएसएमच्या मोठ्या कार्डावर भरीव रंगाचा चौकोन खोल दाबायचा मोह टाळा. बिडाच्या जुन्या सांगाड्याला तडा गेला तर तो सांधणं सोपं नाही.

नोंद न ठेवणं

प्रत्येक कामाचं एक पाकीट करा. त्यात एक चांगलं कार्ड, एक टाकाऊ कार्ड, कागदाचा लॉट, पॅकिंगचे थर, पिनांची जागा दाखवणारा टिंपनचा तुकडा आणि शाईचं वजन. शाई ०.१ ग्रॅमच्या काट्यावर मोजून मिसळा. ‘निळा १४, काळा १.५, पारदर्शक पांढरा ४.५’ अशी चिठ्ठी असली तर वीस ग्रॅमची तीच छटा पुन्हा मिळते. ‘राखाडी निळा’ एवढंच लिहून ठेवलेलं काही कामाचं नाही.

दर आणि लेबल

कागद आणि शाईच्या दुप्पट किंमत लावणं हा हिशोब नव्हे. प्लेट, फर्म्याची तयारी, धुणं, खराबी आणि पाकिटात भरण्याची मजुरी धरा, आणि दुकानदाराला ३०–४० टक्के दिल्यावर काय उरतं ते पाहा. उरत नसेल तर वस्तू बदला.

बंद पॅकवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. वैध मापनाचे नियम छोट्या व्यवसायालाही लागू आहेत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. जीएसटीचं मात्र सीएला आधी विचारा: राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जी सवलत आहे, ती साधारणपणे दुसऱ्या राज्यात विकताना मिळत नाही, आणि इथून निपाणी-बेळगाव जवळ असलं तरी ते कर्नाटकात आहे. लग्नपत्रिकांची छपाईही घेत असाल तर तेही त्यांना सांगा, कारण छपाईच्या सेवेची मर्यादा वेगळी आहे.