चंपाषष्ठीला तळी कशी भरावी

मणी-मल्ल दैत्यांशी खंडोबाचं युद्ध सहा दिवस चाललं, म्हणून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतो आणि षष्ठीला उठतो. पुण्याहून जेजुरी पन्नासेक किलोमीटर. जाणं जमलं नाही तर तळी, म्हणजे खंडोबाच्या नावाने उचलायचं भरलेलं ताम्हन, घरी भरा.

सामान आदल्या दिवशीच मंडईतून आणा. भरताची वांगी आणि पातीचा कांदा सकाळी उशिरा गेलात तर मिळालाच म्हणून समजा! ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, भंडारा. खोबरं सुकंच हवं. ओल्याला भंडारा चिकटून लगदा होतो. भंडारा म्हणजे निव्वळ हळद. फार भडक पिवळी पूड रंग मिसळलेली असू शकते, डोळे चुरचुरतात.

दिवटी (खंडोबापुढची छोटी मशाल) पेटवा. पाच जणांनी (तीन, सातही चालतात, विषम हवेत) ताम्हनाला हात लावून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा उचलायचं. सगळ्यांनी एकदम, नाहीतर ताम्हन कलंडतं आणि भंडारा सतरंजीवर! नंतर भंडारा कपाळी लावून खोबरं वाटायचं. नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत. चातुर्मासात वांगी-कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत ते खाणं चंपाषष्ठीपासून सुरू.