मॅक्लीन काउंटीत शेत घेताय? आधी काउंटीच्या कचेरीत जाऊन या

इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात विचारतात, "चहूकडे मका नि सोयाबीन आहे, एखादा तुकडा आपणही घ्यावा का? सरकार अनुदानही देतं म्हणे." जमीन जरूर घ्या. आमची ४० एकर आहे, आणि तिच्यावर आमचा जीव आहे. पण अनुदानाचं गणित सौद्याच्या आधी समजून घ्या.

गावाकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्या पात्र शेतकऱ्याच्या खात्यात येतात. तोच हिशेब इथे लावू नका. इथे पिकाची जोखीम ज्याची, पैसा त्याचा. नोकरी सांभाळून आपण जमीन बहुधा शेजारच्या शेतकऱ्याला रोख खंडाने देतो. मग भाव पडल्यावर मिळणारी रक्कम पूर्णपणे कसणाऱ्याची. वाट्याने दिली, तर पिकात जेवढा वाटा तेवढाच अनुदानात.

दुसरा शब्द ऐकाल तो 'बेस एकर'. म्हणजे पूर्वीच्या पेऱ्यावरून त्या जमिनीच्या नावे नोंदलेलं क्षेत्र. यंदा काय पेरलंय यावर ते ठरत नाही. समजा मक्याचे १०० बेस एकर आहेत, पिकाचा नोंदलेला उतारा एकरी १७० बुशेल (धान्य मोजायचं इथलं माप), संदर्भ भाव, म्हणजे कायद्याने ठरवलेला भाव, बुशेलला ४.१० डॉलर आणि देशातला वर्षाचा सरासरी भाव ३.९० राहिला. फरक २० सेंटचा, आणि तो ८५ टक्के क्षेत्रावरच मिळतो: २,८९० डॉलर. या हिशेबात भाव संदर्भाच्या वर राहिला तर काहीच नाही. पैसेही लगेच येत नाहीत. या शरदात काढलेल्या मक्याचे, निघालेच तर, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. या भरवशावर कर्जाचा हप्ता बांधू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आता एच-१बीवाल्यांनी नीट वाचा. ग्रीन कार्ड नसेल तर शेतीच्या कायद्यात तुम्ही 'परदेशी व्यक्ती'. अनुदान हवं तर जमीन आणि भांडवलाबरोबर शेतात स्वतः भरीव अंगमेहनत करावी लागते, आणि तुमचा व्हिसा दुसरं काम करू देत नाही. त्याहून महत्त्वाचं, १९७८च्या कायद्यानुसार १० एकरांहून जास्त शेतजमीन घेतली की ९० दिवसांत त्याची माहिती फार्म सर्व्हिस एजन्सीला (अमेरिकेच्या कृषी खात्याची संस्था) द्यावी लागते. चुकलात तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला खरेदीची कागदपत्रं करताना कुणी हे सांगितलंच नाही. दीड वर्षाने कळलं, तेव्हा त्या दोघांची झोप उडाली होती. मुदत टळली असेल तरी लपवू नका, स्वतःहून जाऊन माहिती द्या.

कचेरी म्हणजे याच एजन्सीचं काउंटी ऑफिस. तिथे आपल्या गट नंबरासारखा फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी विमानातून काढलेल्या फोटोचा नकाशा टेबलावर पसरला आणि ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्याभोवती पेन्सिल फिरवली. "हे लागवडीत धरत नाही." कागदावरच्या ४० एकरांतले कसायचे ३६ भरले. आम्ही खंड ४० एकरांचा ठरवायला निघालो होतो!

म्हणून सौद्याआधी विकणाऱ्याकडून या नोंदीची प्रत मागा: बेस एकर किती, उतारा किती, कुठला तुकडा पाणथळ किंवा धूप होणारा म्हणून नोंदलाय का. पाणथळ जागेचा निचरा करून तिथे पीक घेतलं तर सगळे लाभ बंद होऊ शकतात.

मका-सोयाबीनचा पीकपेरा १५ जुलैपर्यंत नोंदवायचा असतो. रोख खंडात ते काम कसणारा करतो. तरी जूनअखेर त्याला एक फोन करा. आणि एकट्याने कचेरीत जायला अवघड वाटत असेल तर मला सांगा, मी बरोबर येईन.