एंडोमेट्रिओसिसची शंका आहे? स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्याआधी हे वाचा

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. पण ‘पाळीत पोट दुखतं’ एवढंच सांगितलं की हातात गोळ्यांची चिठ्ठी येते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. माझ्या मावसबहिणीचं असं तीनदा झालं. वर घरातलं ठरलेलं वाक्य: लग्न झालं की थांबेल. चौथ्यांदा ती सिन्नरहून नाशिकला दाखवायला आली, तेव्हा आदल्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो.

तर पहिलं काम वहीचं. निदान दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. तिच्या वहीत असं होतं: ‘सोमवार, पहिला दिवस. सकाळी सहाला गोळी, अकराला दुसरी. कंपनीत गेले नाही. संडासला बसताना कळ.’ दुखण्याला दहापैकी किती गुण, यापेक्षा दुखण्यामुळे काय करता आलं नाही हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का, लघवीला त्रास होतो का, आई-बहिणीला असंच होतं का, तेही लिहा. जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत घ्या.

आत गेल्यावर ‘लग्न झालंय का?’ असं विचारतील. खरा प्रश्न शरीरसंबंध आलाय का, हा असतो. तपासणी कशी करायची ते त्यावर ठरतं, म्हणून खरं उत्तर द्या. सोबतच्या सासूबाईंसमोर किंवा आईसमोर अवघड वाटत असेल तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ म्हणा. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखत असेल तर तेही तेव्हाच सांगून टाका. या आजाराचं ते महत्त्वाचं लक्षण आहे.

मग तपासणी. आधी पोट दाबून बघतात. संबंध आलेले असतील तर हातमोजा घालून आतून तपासतात. गर्भाशयाच्या मागे दुखरी जागा किंवा गाठ लागते का, हे त्यात कळतं. नर्सला थांबायला सांगणं, मध्येच ‘थांबा’ म्हणणं, नको असेल तर नकार देणं, हा तुमचा हक्क आहे.

सोनोग्राफीला जाताना एक विचारून घ्या: पोटावरून की योनीमार्गातून? पोटावरून असेल तर लघवी भरलेली लागते, आतून असेल तर मोकळी. आम्ही हे विचारलं नाही. बहीण कॉलेज रोडच्या एका सेंटरवर लिटरभर पाणी पिऊन पाऊण तास पाय आवळून बसली, आणि नंबर आल्यावर ऐकलं, ‘आधी बाथरूमला जाऊन या.’ संबंध आलेले नसतील तर सहसा पोटावरूनच करतात. गरज पडल्यास एमआरआय.

बीजांडकोशात ‘चॉकलेट सिस्ट’ (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर ती बहुधा सोनोग्राफीत दिसते. पण पोटाच्या आतल्या अस्तरावरचे या आजाराचे बारीक ठिपके त्यात दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे आजार नाहीच, असं नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठीही करतात, पण तिचा आकडा इतर कारणांनीही वाढतो. आकडा बघून इंटरनेटवर कॅन्सर शोधत बसू नका.

पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय निदान नाही, असं पूर्वी मानायचे. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं. वेदनाशामक, हॉर्मोनच्या गोळ्या (बऱ्याचदा डायनोजेस्ट, रोज एक) किंवा गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन, असे पर्याय असतात. मूल हवं असेल तर हे लिहून देण्याआधीच सांगा, मग उपचाराची दिशाच बदलते. डायनोजेस्टवर सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात. घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

अचानक असह्य कळ, चक्कर, उलट्या किंवा ताप आला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. सिव्हिलला रात्रीही जाता येतं.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा वही न्या. बहिणीच्या वहीत आता पहिल्या दिवशीही ‘कंपनीत गेले’ असं असतं. गोळीच्या रकान्यात अजून एखादी खूण दिसते.