हॉटेलच्या मुलाखतीसाठी एक खरा प्रसंग तयार ठेवा

फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे रिसेप्शनच्या कामाच्या, मुलाखतीत "चिडलेल्या पाहुण्याला कधी सांभाळलंय का? सांगा" हा प्रश्न ठरलेलाच. "मी शांत राहतो, नम्रपणे बोलतो" एवढ्यावर भागत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना घडलेली गोष्ट हवी असते. इंडस्ट्रियल ट्रेनिंगमधला (कोर्सचा भाग म्हणून हॉटेलात केलेल्या कामातला) एखादा प्रसंग आधीच निवडा. समजा, चेक-इन दुपारी 2 चं, पाहुणे 11 लाच दारात आणि खोली अजून साफसफाईसाठी हाऊसकीपिंगकडे. तुम्ही नेमकं काय केलंत? सामान ठेवून घेतलं, ती खोली आधी आवरायला सांगितली, की ड्यूटी मॅनेजरला विचारून चहा दिला? क्रमाने सांगा, आणि "आम्ही" नको, "मी" म्हणा. (सगळं श्रेय टीमला देऊन मोकळं व्हायची आपली सवय इथे नडते.) पाहुणा शेवटी नाराजच गेला असेल तर तेही सांगा, फक्त त्यानंतर तुम्ही काय बदललंत ते जोडा. काही फुकट दिलं असेल, तर परवानगी कुणाची घेतली होती, असा उपप्रश्न येऊ शकतो. अनुभव नसेल तर कॉलेजच्या केटरिंगमधला प्रसंगही चालतो. घरी मोठ्याने सांगून बघा, दोन मिनिटांत बसला पाहिजे. पाहुण्याचं नाव मात्र घेऊ नका, तो कितीही प्रसिद्ध असला तरी.