ई-सिम तात्पुरते बंद करताना या चुका टाळा

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर माझे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ई-सिम म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घेतलेले सिम. ‘ई-सिम बंद करून द्या’ असे कोणी म्हणाले, की मी फोन हातात घेण्याआधी ‘बंद म्हणजे नेमके काय?’ असे विचारतो. आपण मराठीत ‘बंद’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरतो. काही दिवसांसाठी लाईन थांबवणे हे पहिले काम, फोनमधून ई-सिमचे प्रोफाईल, म्हणजे त्या क्रमांकाची फोनमधील माहिती, पुसून टाकणे हे दुसरे आणि क्रमांक कायमचा कंपनीला परत करणे हे तिसरे. पहिल्या कामात काहीही हरवत नाही आणि तेच बटण पुन्हा दाबले की सारे पूर्ववत होते. दुसऱ्या कामात क्रमांक कंपनीकडे शाबूत राहतो, प्लॅनचे पैसेही चालू राहतात, पण तो क्रमांक तुमच्या फोनमध्ये उरत नाही. ही दोन्ही बटणे बहुतेक फोनमध्ये एकाच पानावर असतात, आणि घाईचे बोट नेमके चुकीच्या बटणावर पडते.

दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार माझे जुने ग्राहक आहेत. ऐन काढणीच्या हंगामात ते आठ दिवसांसाठी नेदरलँड्सला निघाले. गाडी कसारा घाटात असताना, रोमिंगचे बिल येऊ नये म्हणून पुतण्याने त्यांचे ई-सिम ‘बंद’ केले. त्याने दाबला तो पानाच्या तळाशी लाल अक्षरांत असलेला ‘डिलीट ई-सिम’ हा पर्याय. फोनने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले, तेव्हा त्याने न वाचताच होकार दिला. त्या क्रमांकाला काकांचे बँक खाते जोडलेले होते आणि शनिवारी तोडणीच्या मजुरांची मजुरी द्यायची होती. तिकडे पोहोचल्यावर ओटीपी येईना. ई-सिम पुन्हा घालण्यासाठी कंपनीकडे नवा क्यूआर कोड मागावा, तर खातरजमेचा संदेश त्याच क्रमांकावर जाणार, नाहीतर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दालनात स्वतः हजर राहावे लागणार, आणि परदेशातून या दोन्ही गोष्टी अशक्य होत्या. अखेर मजुरी मेहुण्यांकडून उसनी घेऊन दिली गेली. परतल्यावर ते दुकानात आले आणि ‘भाऊ, नुसते बंदच केले होते हो,’ एवढेच म्हणाले. मी त्यांना कंपनीच्या दालनात घेऊन गेलो. नवे ई-सिम त्याच दिवशी सुरू झाले, पण सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या क्रमांकावरील एसएमएस रोखून ठेवले जातात. सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागाने हा नियम केला आहे आणि तो मला योग्यच वाटतो, मात्र त्यामुळे त्यांचा आणखी एक दिवस ओटीपीविना गेला.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘मोबाईल सर्व्हिस’ किंवा ‘सेल्युलर’ उघडून आपली लाईन निवडावी आणि ‘टर्न ऑन धिस लाईन’ हे बटण बंद करावे. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’ आणि त्यात ‘सिम मॅनेजर’ उघडल्यावर, तर पिक्सेलमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधील ‘सिम्स’ उघडल्यावर तसेच बटण मिळते. डिलीट, रिमूव्ह किंवा इरेज यांपैकी एखादा शब्द दिसला, तर बोट मागे घ्यावे. मी प्रत्येक ग्राहकाकडून ही लाईन दुकानातच दोनदा बंद आणि दोनदा सुरू करून घेतो. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढाही वेळ नसलेल्या माणसाची लाईन मी स्वतः बंद करून देत नाही.

दुसरी चूक विचारांतली आहे. डेटाचा खर्च टाळायचा असतो, आणि माणसे बंद करतात पूर्ण लाईन. ‘डेटा रोमिंग’चे बटण वेगळे असते. ते बंद ठेवून लाईन सुरू ठेवली, तर परदेशात इंटरनेटचे पैसे लागत नाहीत आणि बँकेचे संदेश येण्याची वाट मोकळी राहते. मात्र आलेला कॉल उचलला, तर त्याचे पैसे पडू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या प्लॅनमधील रोमिंगचे दर कंपनीकडून विचारून घ्यावेत. लाईन पूर्ण बंद असेल, तर फोन करणाऱ्याला फोन बंद असल्याचे किंवा संपर्क होत नसल्याचे ऐकू येते, आणि त्या काळातले संदेश आलेच तर लाईन सुरू झाल्यावर येतात. तोवर ओटीपीची मुदत मात्र केव्हाच संपलेली असते. माझी स्वतःची सवय अशी, की प्रवासात लाईन दिवसभर बंद ठेवतो आणि व्यवहार करायचा असेल तेव्हाच दहा मिनिटे सुरू करतो.

यूपीआय ॲपची पुन्हा नोंदणी करताना तुमच्याच क्रमांकावरून संदेश पाठवला जातो, त्यामुळे लाईन बंद असताना ते ॲप काढून नव्याने घालू नये. लाईन बंद असली, तरी रिचार्जची मुदत सरकतच असते. प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर तो कायमचा बंद होऊ शकतो. फोन रिसेट करताना ई-सिम ठेवायचे की पुसायचे असे विचारले जाते, तेथे ठेवायचेच निवडावे.

लाईन परत सुरू केल्यावर नेटवर्क लगेच आले नाही, की अधीर माणसे ई-सिम काढून जुना क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करू पाहतात. बहुतेक कोड एकदाच चालतात, त्यामुळे त्या घाईत असलेले ई-सिमही जाते. आधी दोन-तीन मिनिटे थांबावे, मग विमान मोड सुरू करून बंद करावा, तरीही नेटवर्क आले नाही तर फोन रिस्टार्ट करावा. नेटवर्कची निवड आपोआप होण्यावर आहे ना, तेही पाहावे, कारण परदेशात हाताने निवडलेले नेटवर्क इकडे परतल्यावर सापडत नाही. त्यानंतर कॉल आणि डेटासाठी कोणती लाईन निवडलेली आहे ते तपासावे. लाईन बंद असताना फोन डेटासाठी दुसरे सिम वापरू लागलेला असतो आणि पुष्कळदा ती निवड तशीच राहून जाते.