पोस्टमुळे नोकरीवर गदा आली? या चुका टाळा

"माझं अकाउंट आहे, मी काय वाट्टेल ते लिहीन, कंपनीचा काय संबंध" हे आधी डोक्यातून काढा. जेजुरीच्या एका कंपनीत पगारवाढीचा वाद चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या, कंपनीने त्याला काढलं, लेबर कोर्ट त्याच्या बाजूने होतं पण डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने कंपनीचंच म्हणणं मान्य केलं. कोर्टाला त्या पोस्ट भडकवणाऱ्या वाटल्या. म्हणजे पगार कमी आहे हे म्हणणं वेगळं आणि बाकीच्यांना चिथावणं वेगळं.

मग व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं का? त्याच वर्षी मद्रास हायकोर्टाने तमिळनाडूतल्या एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यावरचा चार्ज मेमो (म्हणजे आरोपपत्र) रद्द केला, खासगी ग्रुपमध्ये साहेब लोकांवर राग काढायचा हक्क आहे म्हणाले. पण याच्या जिवावर उड्या मारू नका, ग्रुपमधला कोणीतरी स्क्रीनशॉट पुरवतोच.

सरकारी नोकरीत असाल तर जास्तच जपा. महाराष्ट्र सरकारच्या २८ जुलै २०२५ च्या जीआरनुसार पर्सनल आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं पाहिजे, सरकारी धोरणावर टीका नको, आणि युनिफॉर्म किंवा सरकारी गाडीसोबतचे रील तर नकोच. कंत्राटी लोकही यात आले.

खरी वाट मात्र नोटीस आल्यावर लागते. घाबरून पोस्ट डिलीट करायची आणि उत्तरात लिहायचं "अकाउंट हॅक झालं होतं", हे खोटं चौकशीत उघडं पडलं की मूळ पोस्टपेक्षा तेच महागात पडतं. दुसरं म्हणजे एचआर केबिनमध्ये बसवून गोड बोलतो, "आत्ताच राजीनामा दे, रिलिव्हिंग लेटर नीट देतो"... सही करू नका, एकदा राजीनामा दिला की मला काढलं हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. चौकशीला दांडी मारली तर ती एकतर्फी होते. सस्पेंड केलं तर स्टँडिंग ऑर्डर (कारखान्याचे कामगारांसाठीचे सेवा नियम) लागू असलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के आणि पुढे, उशीर त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो, तो मागा. मॅनेजर लोकांचं बरंचसं अपॉइंटमेंट लेटरवर असतं, ते काढून वाचा.

ज्या स्क्रीनशॉटवरून आरोप केलाय त्याची कॉपी लेखी मागा, ती हातात आल्याशिवाय सविस्तर उत्तर देऊ नका (पण मुदतीच्या आत तसं कळवा हां). उत्तराची पोच देत नसतील तर ते स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.